पुण्याच्या नदीवर इंजिनिअरिंगची पोरं बोटी का नाचवतात? सीओईपीच्या रेगाटाची गोष्ट

हर्सूल म्हटलं की छत्रपती संभाजीनगरच्या लोकांना दोन गोष्टी आठवतात. एक जेल आणि दुसरा तलाव. पावसाळा चांगला झाला, तलाव भरला की ती बातमी होते. लोक सहकुटुंब पाणी बघायला जातात, फोटो काढतात, स्टेटस ठेवतात. कारण मराठवाड्यात भरलेला तलाव म्हणजे पिण्याच्या पाण्याची सोय. त्या पाण्यात बोट घालून शर्यत लावायची, हे सहसा कुणाच्या डोक्यातही येत नाही.

पण इथून साधारण सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवर, पुण्यात, एका इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं हेच करत आली आहेत. तेही आजकाल नाही, १९२८ पासून. दिवसभर लेक्चर, सबमिशन, व्हायवा आणि त्यातून वेळ काढून नदीवर सराव. मग वर्षातून एकदा नदीकाठी लोक जमतात, अंधार पडतो आणि पाण्यावर बोटींचा कार्यक्रम सुरू होतो.

याला म्हणतात रेगाटा. सीओईपी, म्हणजे पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाची ही परंपरा. ती आली कुठून, त्यात नेमकं काय असतं आणि ती टिकणार की नाही हे कशावर ठरतं, हेच समजून घेऊ.

रेगाटा हा शब्द आला कुठून?

शब्द मूळचा इटलीतल्या व्हेनिस शहराचा. रस्त्यांऐवजी कालवे असलेलं हे शहर. तिथे बोटींच्या शर्यतींना 'रेगाटा' म्हणायचे. तिथून हा शब्द इंग्रजीत गेला आणि इंग्रजांबरोबर जगभर पोहोचला.

कॉलेजच्या पोरांनी बोटी वल्हवायच्या आणि दुसऱ्या कॉलेजला हरवायचं, या प्रकाराला मात्र खरी हवा दिली ती इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड आणि केंब्रिजने. १८२९ साली या दोन विद्यापीठांची पहिली शर्यत हेन्ली या गावात झाली. पुढे ही शर्यत लंडनमध्ये आली. आजही थेम्स नदीवर पटनी ते मॉर्टलेक असं जवळपास पावणेसात किलोमीटरचं अंतर दोन्ही विद्यापीठांची पोरं वल्हवत कापतात आणि काठावर तोबा गर्दी असते. अमेरिकेत हार्वर्ड आणि येल यांची अशीच शर्यत १८५२ मध्ये सुरू झाली.

नेदरलँड्स तर पाण्याचाच देश. तिथे १८७८ मध्ये लायडन आणि डेल्फ्ट या दोन शहरांतल्या विद्यार्थी क्लबांनी शर्यत लावली. तिचं नाव 'वार्सिटी'. पुढे युट्रेख्ट, ॲमस्टरडॅम, ग्रोनिंगन अशा शहरांचे विद्यार्थी क्लबही त्यात आले. ही शर्यत आता हौटन गावाजवळ ॲमस्टरडॅम-ऱ्हाइन कालव्यावर होते. मुख्य लढत चार वल्हेकरी आणि एक सुकाणूवाला अशा बोटींची, अंतर ३ किलोमीटर. जिंकल्यावर काय होतं, तर विजेत्या क्लबची पोरं अंगावरचे कपडे काढून थेट कालव्यात उड्या मारतात आणि पोहत जाऊन आपल्या बोटीतल्या पोरांचं अभिनंदन करतात. प्रथा विचित्र वाटेल, पण तिकडे ती मोठ्या अभिमानाने जपली जाते.

या सगळ्या शर्यतींत एक गोष्ट समान आहे. प्रत्येक शर्यत एका ठरावीक नदीशी किंवा कालव्याशी बांधलेली आहे. क्रिकेटचं मैदान दुसरीकडे तयार करता येतं. नदीचं तसं नसतं. पुण्याच्या रेगाटाची गोष्टही इथूनच सुरू होते.

पुण्यात बोटी चालतील एवढं पाणी आलं कुठून?

पुण्याच्या नद्या सह्याद्रीतून येणाऱ्या. पावसाळ्यात दुथडी भरून वाहणाऱ्या आणि उन्हाळ्यात आटणाऱ्या. अशा नदीत बोटिंगची परंपरा उभी राहणं अवघडच. मग ती राहिली कशी?

याचं उत्तर आहे बंडगार्डनचा बंधारा. मुळा आणि मुठा या दोन नद्या संगमाजवळ एकत्र येतात. तिथून पुढे मुळा-मुठा वाहते. संगमाच्या खाली काही अंतरावर नदीवर बंधारा घातला गेला. मुंबईचे दानशूर पारशी व्यापारी सर जमशेटजी जीजीभाई यांनी पुण्याच्या पाण्याच्या सोयीसाठी जी मोठी देणगी दिली, त्यातून हे काम उभं राहिलं. हेतू पाणीपुरवठ्याचा होता. पण बंधाऱ्यामुळे वरच्या अंगाला पाणी साचून राहायला लागलं आणि संगमापर्यंतचा पट्टा संथ झाला. बोट वल्हवायला असंच पाणी लागतं. पुरेसं खोल, रुंद आणि फार ओढ नसलेलं.

पुण्यात तेव्हा इंग्रजांची मोठी छावणी होती. लष्करी अधिकारी होते, गोरे साहेब होते आणि त्यांना इंग्लंडसारखी करमणूक हवी होती. १८६८ मध्ये या पट्ट्याच्या काठावर बोट क्लब सुरू झाला. तोच आजचा रॉयल कॅनॉट बोट क्लब. व्हिक्टोरिया राणीच्या मुलाच्या, ड्यूक ऑफ कॅनॉटच्या नावावरून हे नाव पडलं. पुण्यातला 'बोट क्लब रोड' अनेकांना तिथल्या महागड्या फ्लॅट्समुळे माहीत असतो. त्या रस्त्याच्या नावातला बोट क्लब तो हाच.

थोडक्यात, पाणी अडवलं होतं एका कारणासाठी आणि त्यावर खेळ उभा राहिला दुसराच.

साहेबांचा खेळ पोरांच्या हातात कसा आला?

याच संगमाजवळ एक कॉलेज होतं. १८५४ मध्ये 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' या नावाने ते सुरू झालं. सार्वजनिक बांधकाम खात्यात कामाला येतील अशी माणसं तयार करणं हा उद्देश. कॉलेजच्या मुख्य इमारतीची पायाभरणी १८६५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते झाली. भारतरत्न सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या याच संस्थेतून इंजिनिअर झाले. तेव्हा तिचं नाव कॉलेज ऑफ सायन्स होतं. पुढे ते कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग झालं आणि २०२२ पासून सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ.

कॉलेज नदीकाठी, नदी संथ आणि शेजारी बोटिंगची हवा. १९२८ मध्ये कॉलेजचा स्वतःचा बोट क्लब सुरू झाला आणि रेगाटाची परंपरा तिथून धरली जाते.

यातली महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्या. साहेबांच्या क्लबात जायचं तर आधी सभासद व्हावं लागायचं. कॉलेजच्या बोट क्लबात जायला कॉलेजात प्रवेश पुरेसा होता. शेतकऱ्याच्या पोराला, शिक्षकाच्या पोराला बोटीत बसायची सोय झाली. आजही महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून पोरं-पोरी सीओईपीत येतात. शाळेत रोइंग शिकवतात अशी शाळा आपल्याकडे शोधूनच काढावी लागेल. त्यामुळे त्यातल्या बहुतेकांच्या हातात पहिलं वल्हं येतं ते इथेच.

रेगाटात नेमकं काय असतं?

वार्सिटी किंवा ऑक्सफर्ड-केंब्रिज म्हणजे निव्वळ शर्यत. कोण आधी पोहोचलं, विषय संपला. सीओईपीच्या रेगाटाचा पिंड वेगळा आहे. इथे शर्यत असते, पण त्याहून जास्त असतात पाण्यावरची प्रात्यक्षिकं. एका अर्थाने हा नदीवरचा स्नेहसंमेलनाचा कार्यक्रमच म्हणा ना. प्रेक्षक काठावर बसतात आणि रंगमंच असतो नदीचं पात्र.

यातले मुख्य प्रकार असे.

कयाक बॅले: एकेकाच्या छोट्या कयाक बोटी, संगीत सुरू आणि सगळ्यांच्या हालचाली एका तालात. जमिनीवर नाचताना पाय थांबवता येतो. पाण्यावर बोट थांबवणं सोपं नसतं, ती पुढे घसरतच राहते. त्यामुळे ओळ सरळ ठेवणं हेच मोठं काम.

पंट फॉर्मेशन: पंट म्हणजे सपाट तळाची रुंद बोट. अशा बोटी एकमेकांच्या मेळात फिरवून पाण्यावर वेगवेगळ्या रचना करायच्या.

ॲरोहेड: बाणाच्या टोकासारखी बोटींची रचना. पुढची बोट चुकली की मागची सगळी रांग चुकते.

शेल गेम्स: शेल म्हणजे शर्यतीची लांबलचक, अरुंद बोट. या बोटींवर वेग दिसतो.

टेलिमॅचेस: गमतीच्या शर्यती. प्रेक्षकांना हसवायचं आणि कार्यक्रमात जान आणायची.

मशाल डान्स: अंधारात पेटत्या मशाली घेऊन केलेलं सामूहिक नृत्य. रेगाटा बघून आलेल्या माणसाला विचारलं, तर बहुतेक वेळा तो पहिलं नाव याचंच घेतो.

कार्यक्रम दोन-तीन तासांत संपतो. तयारी मात्र महिनोन् महिने चालते. बोटींची देखभाल, सराव, प्रायोजक, ध्वनियंत्रणा, प्रकाशयोजना, काठावरची व्यवस्था अशा कामांत विद्यार्थी राबतात. वरच्या वर्गातली पोरं खालच्यांना शिकवतात, मग ती त्यांच्या खालच्यांना. लेखी पुस्तकातून ही गोष्ट येत नाही. एका बॅचने दुसऱ्या बॅचच्या हातात दिलेली ही विद्या आहे. म्हणूनच एखादं वर्ष जरी सराव बंद पडला, तरी साखळीची एक कडी ढिली होते.

कयाक, कनू, स्कल, शेल... फरक काय?

बाहेरच्या माणसाला सगळ्या बोटी सारख्याच वाटतात. पण ओळखायची सोपी खूण आहे. माणूस कुठे तोंड करून बसलाय ते बघा.

कयाक आणि कनूमध्ये माणूस पुढे तोंड करून बसतो. कयाकच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं असतं, कनूच्या वल्ह्याला एकाच टोकाला.

रोइंगमध्ये उलटं. वल्हेकरी पाठ पुढे करून बसतो, म्हणजे तो मागे बघत पुढे जातो. प्रत्येकाच्या हातात दोन वल्ही असली तर ते स्कलिंग. प्रत्येकाकडे एकच लांब वल्हं असलं तर ते स्वीप. वल्ही बोटीला अडकवलेली असतात आणि बसायची जागा चाकांवर पुढे-मागे सरकते. त्यामुळे रोइंग हा दंडाचा खेळ आहे हा गैरसमज आहे. खरा जोर लागतो पायांचा, मग पाठीचा आणि शेवटी हातांचा.

आठ जणांच्या बोटीत पुढे काय आहे हे वल्हेकऱ्यांना दिसत नाही. ते बघतो सुकाणूवाला, ज्याला 'कॉक्स' म्हणतात. तो वल्हं मारत नाही. दिशा धरतो, ताल देतो आणि ओरडतो. आठही जणांनी त्याच्यावर विश्वास ठेवायचा. एकाचं वल्हं जरी उशिरा पाण्यात गेलं तरी बोट डुचमळते. त्यामुळे बोटीत कुणी एकटा हिरो होऊ शकत नाही.

दुष्काळी तालुक्यातून ऑलिम्पिकपर्यंत

आता तुम्ही म्हणाल, पुण्यातल्या पोरांचं ठीक आहे, पण ज्या गावात प्यायच्या पाण्याची मारामार, तिथल्या पोराचा या खेळाशी काय संबंध?

तर संबंध आहे आणि त्याचं नाव दत्तू भोकनळ.

नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्याचं गाव. दुष्काळाशी झुंजणारा हा भाग. वडिलांबरोबर विहिरी खोदायचं काम त्याने केलं. २०१२ मध्ये तो सैन्यात भरती झाला आणि पुण्यात, खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये आला. बोट वल्हवणं त्याने शिकलं ते सैन्यात आल्यावर. उंची, ताकद आणि कष्टाची सवय बघून प्रशिक्षकांनी त्याला रोइंगला घातलं.

चार वर्षांत, म्हणजे २०१६ मध्ये, दत्तू रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी स्कल प्रकारात भारताकडून उतरला आणि १३ वा आला. २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत त्याने क्वाड्रुपल स्कल्समध्ये सुवर्णपदक जिंकलं. २०२० मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

दत्तू सीओईपीचा नाही आणि रेगाटातूनही आलेला नाही. पण त्याच्या गोष्टीवरून एक कळतं. वल्हं मारायची ताकद गावागावात आहे, कमी आहे ती बोट आणि पाणी यांच्यापर्यंत पोहोचायची सोय. दत्तूसाठी ती सैन्याने केली. इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी एका कॉलेजने केली. अशा जागा महाराष्ट्रात मोजक्याच आहेत, म्हणून त्यातली एकेक जागा महत्त्वाची.

मग अडचण काय आहे? अडचण नदीचीच आहे

ज्या बंधाऱ्याने पाणी संथ केलं, त्याच संथ पाण्यावर आज दुसरीच गोष्ट वाढते. ती म्हणजे जलपर्णी.

मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती. जांभळी फुलं दिसायला छान, पण अनुकूल पाण्यात ती दोनेक आठवड्यांत दुप्पट पसरू शकते. तिला लागतं काय, तर साचलेलं पाणी, ऊन आणि भरपूर नायट्रोजन-फॉस्फरस. शहराचं सांडपाणी प्रक्रिया न होता नदीत आलं की हे सगळं तिला फुकट मिळतं. हिवाळा संपून ऊन वाढायला लागलं की पात्र हिरवंगार दिसू लागतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं क्रिकेटचं मैदान आहे. वल्हेकऱ्याचं वल्हं मात्र त्यात अडकतं, बोट पुढे सरकत नाही आणि सरावाला जागा उरत नाही. रेगाटाच्या तयारीचे दिवसही नेमके हेच.

प्रश्न फक्त जलपर्णीचा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत मुळा आणि मुठा दोन्ही आहेत. बोट उलटली तर पोरगं पडणार ते याच पाण्यात.

हे दुखणं फक्त आपलंच आहे असंही नाही. २०२४ च्या ऑक्सफर्ड-केंब्रिज शर्यतीआधी थेम्सच्या पाण्यात ई-कोलाय जिवाणूंचं प्रमाण जास्त आढळलं. वल्हेकऱ्यांना पाण्यापासून जपून राहायला सांगितलं गेलं. जिंकलेल्या संघाने आपल्या कॉक्सला उचलून नदीत टाकायचं ही तिथली जुनी प्रथा. तीही त्या वर्षी टाळा, असा सल्ला दिला गेला. म्हणजे जवळपास दोनशे वर्षं जुन्या शर्यतीची परंपरा सांडपाण्याने अडवली.

पुण्यात नदीसाठी पैसे मंजूर झालेत. जपानच्या जायका संस्थेच्या अर्थसाहाय्यातून सांडपाणी प्रक्रिया केंद्रांचा प्रकल्प २०१६ मध्ये मार्गी लागला. ११ केंद्रं, दिवसाला ३९ कोटी ६० लाख लिटर सांडपाण्यावर प्रक्रिया, असा आराखडा. मार्च २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते नदीकाठ सुधार प्रकल्पाचं भूमिपूजन झालं. त्यातल्या ९ किलोमीटरच्या पट्ट्याचा खर्च १,०८० कोटी रुपयांहून जास्त सांगितला गेला. सुरुवातीच्या टप्प्यांत संगम ते बंडगार्डन हा भाग आहे. म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं जिथे बोटी चालत आल्या, नेमका तोच पट्टा.

या प्रकल्पावर मतभेद आहेत. काठ नीटनेटके होतील, लोक नदीजवळ येतील, असं समर्थक म्हणतात. झाडं तोडली जातायत, पात्र अरुंद होईल, आधी पाणी स्वच्छ करा आणि मग काठ सजवा, असं पर्यावरणप्रेमी म्हणतात. वल्हेकऱ्याच्या बाजूने बघितलं तर हिशोब साधा आहे. त्याला काठावरच्या फरशीपेक्षा बोटीखालचं पाणी महत्त्वाचं.

रेगाटा का टिकला पाहिजे?

एक कार्यक्रम बंद पडला तर शहराचं काही अडत नाही. पण रेगाटा हे पुण्याच्या नदीचं एक जिवंत मोजमाप आहे. प्रयोगशाळेचा अहवाल सामान्य माणूस वाचत नाही. त्याला जलपर्णीत अडकलेली बोट मात्र लगेच कळते. जोवर पोरं पाण्यात उतरतायत, तोवर नदी फक्त पुलावरून नाक दाबून ओलांडायची जागा होत नाही. नदीत काय चाललंय हे रोज बघणारी, त्याबद्दल बोलणारी माणसं शहरात शिल्लक राहतात.

आणि हे फक्त पुण्यापुरतं नाही. हर्सूलच्या तलावावर उद्या शर्यती व्हाव्यात असं कुणी म्हणत नाही. ते पाणी पिण्यासाठी आहे आणि आधी तेच महत्त्वाचं. पण पावसाळ्यात भरलेला तलाव बघायला जी गर्दी होते, ती उन्हाळ्यात त्याच तलावात काय उरलंय, त्यात काय येऊन मिळतंय हे बघायलाही गेली, तर फरक पडेल. पुण्याच्या पोरांनी १९२८ पासून नेमकं हेच केलंय. वर्षभर पाण्याकडे लक्ष ठेवलं, म्हणून वर्षातल्या एका संध्याकाळी त्या पाण्यावर मशाली पेटवता आल्या.